लांबचा पल्ला आणि लँड क्रूझर ७८: दोन वर्षांच्या वापरानंतर

रस्त्याने एकामागून एक देश ओलांडत महिनोन्‌महिने फिरायचे ठरले की गाडी निवडताना डोळ्यांसमोर हमखास एक चित्र उभे राहते: कमरेएवढ्या पाण्यातून वाट काढणारी, छतावर डबे, दोर आणि फावडे बांधलेली, चिखलाने माखलेली गाडी. आम्हा दोघांच्याही मनात तेच होते आणि त्या चित्राला शोभेल म्हणून आम्ही टोयोटाची लँड क्रूझर ७८ ही वापरलेली गाडी घेतली. दोन वर्षांत तिने आम्हाला ६१ हजार किलोमीटर फिरवले. त्यातले पाण्यातून कापलेले अंतर सगळे एकत्र केले तरी एक किलोमीटर भरायचे नाही. उरलेल्या अंतरात ज्या गोष्टींनी आम्हाला तारले किंवा अडवले, त्यांच्याकडे खरेदीच्या वेळी आम्ही लक्षच दिले नव्हते. गाडीबद्दल माझे मत आज चांगले आहे, पण त्याची कारणे मात्र बदलली आहेत. म्हणून हे परीक्षण मुख्यतः दुरुस्ती आणि वजन या दोन गोष्टींभोवतीच फिरेल.

प्रथम गाडीची ओळख. लँड क्रूझरची ७० मालिका १९८४ मध्ये आली आणि बाहेरून फारशी न बदलता आजही बनते. ७८ हा त्यातला लांब, बंद आणि उंच छताचा प्रकार. मागे समोरासमोर बाके टाकून माणसे न्यायची म्हणून त्याला ‘ट्रूप कॅरिअर’ असे नाव पडले, आणि प्रवासी मंडळी त्याला लाडाने ‘ट्रूपी’ म्हणतात. १९९९ पासून पुढच्या चाकांवर गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि मागच्या चाकांवर पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, अशी रचना आहे. आमच्या गाडीत ‘वन-एचझेड’ हे ४,१६४ सीसीचे, सहा सिलिंडरचे, टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) नसलेले डिझेल इंजिन होते, ज्याची ताकद जेमतेम १३० अश्वशक्ती आहे. एवढ्या आकाराच्या इंजिनाकडून आजचा ग्राहक याच्या दुप्पट अपेक्षा ठेवील. पण इंजिन मोठे आणि ताकद कमी, याचा अर्थ त्याच्यावर ताण कमी, आणि ताण कमी म्हणूनच ते लाखो किलोमीटर तक्रार न करता चालते.

या इंजिनाचा खरा गुण असा की त्यात डिझेल मोजून देण्याचे काम यांत्रिक पंप करतो, संगणक करत नाही. जुन्या ट्रकवर हात बसलेल्या कोणत्याही मिस्त्रीला बॉनेट उघडताच काय कुठे आहे ते समजते, आणि हाती फक्त पाने असले तरी त्याचे काम अडत नाही. नव्या डिझेल गाड्यांचे तसे नाही. युरो ६ या युरोपीय प्रदूषण-नियमाच्या दर्जाच्या इंजिनाला गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत १० भागांपर्यंतच असलेले डिझेल लागते. जिथे गंधक शेकड्यांत असते तिथे धुरातली काजळी अडवणारी जाळी लवकर तुंबते आणि गाडी स्वतःच आपली ताकद आवळून घेते. शिवाय बऱ्याच गाड्यांना धूर कमी घातक करण्यासाठी ॲडब्लू नावाचे ३२.५ टक्के युरियाचे द्रावण वेगळे भरावे लागते, जे उणे ११ अंशांना गोठते आणि आडगावी सहसा मिळतही नाही. आमच्यासोबत एका मुक्कामी थांबलेली एक नवी, देखणी व्हॅन याच कारणाने बंद पडली. तिच्या मालकाजवळ पैसा होता, वेळ होता, हत्यारेही होती. नव्हता तो तिच्या संगणकाशी बोलणारा माणूस. एक सेन्सर विमानाने येईपर्यंत त्या जोडप्याने १९ दिवस काढले. मी इथे कंपनीचे नाव घेत नाही, कारण दोष एका कंपनीचा नाही. स्वच्छ डिझेलच्या देशांसाठी बनलेली कोणतीही गाडी तिथे याच वाटेने गेली असती.

म्हणजे जुने ते सगळे सोने, असे मुळीच नाही. ताजिकिस्तानातल्या पामीर महामार्गावर अक-बायताल ही ४,६५५ मीटर उंचीची खिंड आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ५६ टक्केच उरतो. टर्बो असलेले इंजिन ही तूट बऱ्याच अंशी भरून काढते. आमच्या इंजिनाजवळ तशी सोय नव्हती. हवा कमी आणि डिझेल तेवढेच, त्यामुळे मागे काळ्या धुराचा पडदा सोडत आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये चढलो, आणि शेवटच्या वळणावर तर पहिल्या. मालाने भरलेला एक ट्रक आम्हाला मागे टाकून गेला आणि त्याच्या चालकाने जाताना हात हलवला तो अभिवादनासाठी की कीव आल्यामुळे, हे आमचे अजून ठरलेले नाही. ज्यांचा बहुतेक मार्ग उंच पर्वतांतला आहे त्यांनी टर्बो नसलेले इंजिन घेताना हा हिशेब आधी करावा. मात्र हळू जाणे आणि न पोहोचणे यांत फरक आहे. गुंटर होल्टॉर्फ या जर्मन प्रवाशाने मर्सिडीजच्या अशाच बिनटर्बोच्या ३०० जीडी गाडीने, अवघ्या ८८ अश्वशक्तीवर, १९८८ पासून २०१४ पर्यंत जग पालथे घालून जवळपास ९ लाख किलोमीटर केले.

आता वजन. याच एका विषयावर आम्ही सपशेल चुकलो, आणि परीक्षणे वाचून गाडी घेणारे बहुतेक जण इथेच चुकत असावेत असे वाटते, कारण परीक्षणासाठी चालवलेली गाडी नेहमी रिकामी असते. ट्रूपीत ९० लिटरच्या दोन टाक्या आहेत. त्या भरल्या की डिझेलचेच दीडशे किलो होतात. दोन माणसांचे दीडशे, ८० लिटर पाण्याचे ८०, छतावरच्या तंबूचे ६५, दोन स्टेपन्यांचे ७०, पुढचा लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) मिळून शंभर, फ्रिजचे २५, जादा बॅटरीचे ३०, आतल्या लाकडी कपाटांचे ११०, हत्यारांचे ४०. इथवर ८२० किलो झाले आणि अजून कपडे, भांडी, शिधा, औषधे, सुटे भाग काहीच मोजलेले नाही. प्रत्येक वस्तू घेताना ती आवश्यकच वाटली होती. गाडी सजवून देणाऱ्या गॅरेजने छताचे लोखंडी कॅरिअर बसवताना त्याचे वजन सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. मागचे पाटे मात्र ‘जड कामाचे’ म्हणून बदलून दिले, त्यामुळे गाडी मागून दबलेली दिसेना आणि आम्ही निश्चिंत झालो. पाटे जाड केले म्हणून गाडीची कायदेशीर मर्यादा वाढत नाही, आणि आस, बेअरिंग, ब्रेक, चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा) हे सगळे मूळचेच राहते, ही साधी गोष्ट तेव्हा आमच्या लक्षात आली नाही.

ती पामीरमधल्या मुरगाब या गावाजवळ लक्षात आली. तिथला रस्ता पत्र्याच्या पन्हळीसारखा आहे. अशा रस्त्यावर चाक सेकंदाला अनेकदा वर-खाली होते, शॉक ॲब्सॉर्बर हात लावू देणार नाहीत इतके तापतात आणि पाट्यांना क्षणाची उसंत मिळत नाही. एका थांब्यावर उतरलो तेव्हा गाडी डावीकडे कलली होती. खाली वाकून पाहिले तर मुख्य पाट्याच्या लगेच खालचा पाटा सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या) भोकापाशी दुभंगला होता आणि त्याचा एक तुकडा तिरका सरकून बाहेर आला होता. पंधरा-वीस किलोमीटर रांगत आम्ही गावात पोहोचलो. ट्रक दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर मिस्त्रीने गाडीला जॅक लावला, यू-बोल्ट सोडले, पाट्यांचा संच खाली घेतला आणि तुटलेले दोन तुकडे जमिनीवर जोडून ठेवून त्यांची लांबी वितीने मोजली. मग अंगणातल्या भंगारातून कुठल्याशा ट्रकचा पाटा काढला, तो मापाने कापला, कोळशाच्या भट्टीत मधोमध लाल केला आणि घणाच्या चार-पाच घावांत त्यात सेंटर बोल्टसाठी भोक पाडले. बाक जुळेपर्यंत तो तुकडा तीनदा भट्टीत गेला. सगळे बसवून झाल्यावर त्याने हात पुसले, गाडीभोवती एक फेरी मारली, छतावरच्या पसाऱ्याकडे बोट दाखवले आणि मान हलवली. आमची भाषा एक नव्हती. पण त्याहून नेमके परीक्षण मी आजवर वाचलेले नाही.

त्यापुढच्या मोठ्या गावात ट्रकचा वजनकाटा सापडला. पुढची आणि मागची चाके वेगवेगळी चढवून वजन घेतले: पुढे १,२६० किलो, मागे २,०८०, एकूण ३,३४०. दारावरच्या पट्टीवर छापलेली मर्यादा आम्ही ओलांडली होती आणि त्यातही बोजा बहुतेक सगळा मागच्या आसावर होता. त्याच दिवशी छताचे कॅरिअर, त्यावरचे डिझेलचे दोन भरलेले डबे, दुसरी स्टेपनी आणि ‘लागले तर असावेत’ म्हणून जमवलेले ४५ किलो सुटे भाग काढून टाकले, पाणी निम्मे केले. दुसऱ्यांदा काट्यावर आकडा आला ३,११०. गाडीचा स्वभावच पालटला. वळणावरचे डोलणे कमी झाले, ब्रेक लवकर धरू लागले, आणि भट्टीत बनलेला तो पाटा उरलेले २० हजार किलोमीटर टिकला. हवेच्या फुग्यांवर किंवा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणावर चालणारे सस्पेन्शन असते तर त्या गावात कोणाला हातच घालता आला नसता. पण गाडी हलकी असती तर त्या गावात थांबायची वेळच आली नसती, हेही तितकेच खरे आहे.

आत राहण्याच्या दृष्टीने ट्रूपीला मी मध्यम गुण देईन. मागे आडवे होण्याइतकी लांबी आहे, दोन्ही बाजूंच्या लांबलचक सरकत्या काचा हवेसाठी उत्तम आहेत आणि मागचे दोन पल्ल्यांचे दार पावसात अर्धे उघडून स्वयंपाक करता येतो. परंतु उभे राहता येत नाही. छत कापून वर उचलणारे छप्पर बसवले तर ही अडचण जाते, आणि हा एकच बदल असा आहे की जो मी वजन वाढूनही करीन, कारण तीन दिवस सलग पाऊस लागला की वाकून कपडे बदलण्याचा वैताग इंजिनाच्या सगळ्या गुणांवर पाणी फिरवतो. पुढच्या आसनांची पाठ मागे पुरेशी कलत नाही, इंजिनाचा आवाज आणि उष्णता दोन्ही पायांशी येतात, आणि ताशी ९० किलोमीटरच्या वर बोलायचे तर ओरडावे लागते. मागच्या दाराच्या फटीतून धूळ येते. त्यावर उपाय असा की मागच्या काचा बंद ठेवून पुढचा पंखा बाहेरची हवा घेईल असा चालू ठेवायचा, म्हणजे आत दाब राहतो आणि धूळ बाहेरच अडते.

इंधनाचे म्हणाल तर सडकेवर लिटरमागे साडेसात किलोमीटर मिळाले, वाळूत पाचाच्या आसपास. १८० लिटरांवर सडकेने १,३०० किलोमीटरहून अधिक मजल मारता येते, आणि या सोयीचे मोल जिथे पंपावर पाटी असते पण डिझेल नसते तिथे समजते. वाळूसाठी टायरमधली हवा १५ पीएसआयपर्यंत उतरवली की गाडी पुष्कळ निभावून नेते. २००७ पासून ज्या ७८ मध्ये साडेचार लिटरचे व्ही-८ इंजिन आले, तिच्यात मात्र पुढच्या चाकांपेक्षा मागच्या चाकांमधले अंतर एकूण सुमारे ९५ मिलिमीटरने कमी आहे. त्यामुळे मऊ वाळूत मागची चाके पुढच्यांचा माग धरत नाहीत आणि नवा चर पाडत जातात. रुंद इंजिनासाठी पुढचा भाग वाढवला आणि मागचा आस तसाच ठेवला, ही काटकसर एवढ्या महाग गाडीला शोभत नाही. अलीकडच्या २.८ लिटरच्या चार सिलिंडर इंजिनाची ताकद आमच्या गाडीच्या दीडपट आहे आणि ऑटोमॅटिक गिअरही आहेत, पण काजळीची जाळी आणि संगणक त्याच्यासोबत येतात, म्हणजे वर सांगितलेल्या व्हॅनच्या रांगेत तीही जाऊन बसते.

पर्यायांत लँड रोव्हरच्या जुन्या डिफेंडर ११० चा विचार आम्ही बराच केला होता. या घराण्याची परंपरा मोठी आहे. १९५५-५६ मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे विद्यार्थी दोन सीरिज वन लँड रोव्हर घेऊन लंडनहून सिंगापूरला रस्त्याने पोहोचले होते. ‘३०० टीडीआय’ इंजिनाची डिफेंडर आमच्या गाडीइतकीच साधी आहे, शिवाय टर्बो असल्यामुळे अक-बायतालसारख्या खिंडीत ती आम्हाला मागे टाकील. मात्र आत रुंदी कमी, चालकाचा कोपर कायम दारावर, आणि ॲल्युमिनियमचे पत्रे जिथे लोखंडाला टेकतात तिथे गंज धरतो. १९९८ च्या ‘टीडी५’ पासून तिच्यातही इंजिनावर संगणक आला आणि जानेवारी २०१६ मध्ये तिचे उत्पादनच थांबले, त्यामुळे चांगली गाडी शोधणे दिवसेंदिवस अवघड होत आहे. पिकअपवर खोली बसवण्याचा पर्याय राहायला सर्वांत ऐसपैस, पण खोलीचा भार मागच्या आसाच्या पलीकडे लोंबत असेल आणि गाडी दबू नये म्हणून पाट्यांवर हवेचे फुगे बसवले असतील, तर सगळा जोर चॅसीच्या एकाच जागी येतो आणि चॅसी तिथे वाकते. मोठ्या ट्रकविषयी एवढेच सांगतो की ज्यांना रस्त्यापेक्षा घर प्रिय आहे त्यांनी तो जरूर घ्यावा.

इंजिनाची ओढ दोनच चाकांना मिळते अशा साध्या गाडीला मात्र लोक उगाच नाके मुरडतात. अलास्कापासून अर्जेंटिनापर्यंतच्या पॅन-अमेरिकन मार्गाचा फार मोठा भाग डांबरी आहे, आणि चांगले टायर, पुरेशी उंची व संयम एवढ्यावर तो पार करणारे पुष्कळ आहेत. आमच्या ६१ हजारांपैकी चारही चाके जोडून चालवलेले अंतर दोन हजारांच्या पलीकडे जात नाही, आणि त्यातही निम्मे वेळा आम्ही केवळ धास्तीने गिअर टाकला होता.

याच मार्गावर पनामा आणि कोलंबिया यांच्यामध्ये डेरिएनचा सुमारे १०० किलोमीटरचा जंगलपट्टा येतो, जिथे रस्ताच नाही आणि गाडी जहाजाने न्यावी लागते. इथे गाडीची उंची अचानक महत्त्वाची ठरते. नेहमीच्या कंटेनरच्या दाराची उंची साधारण २.२८ मीटर असते. तेवढ्यात गाडी बसली तर ती कुलूपबंद जाते, नाही बसली तर चाकांवर चढवून नेणाऱ्या जहाजात उघडी, किल्ली परक्या हाती देऊन सोडावी लागते. कंपनीतून निघालेली ट्रूपी कंटेनरमध्ये मावते; छतावर तंबू आणि कॅरिअर चढवलेली आमची गाडी मावली नसती. उंच छताची व्हॅन कितीही सोयीची असली तरी या एका मापाने तिचा विचार बदलू शकतो. तसेच ज्या देशांत गाडी नेण्यासाठी कार्ने हे सीमाशुल्काचे हमीपत्र मागतात, तिथे हमीची रक्कम गाडीच्या किमतीवर ठरते, म्हणून जुनी आणि स्वस्त गाडी इथे थेट फायद्याची ठरते.

वापरलेली ट्रूपी पाहायला जाणाऱ्यांनी किलोमीटरच्या आकड्यावर फार विसंबू नये. या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे आणि तो वेळेवर बदलला नाही तर ते अमर वगैरे राहत नाही. बदलल्याची पावती नसेल तर बदललेला नाही असे धरून चालावे. पाट्यांचे बुश (सांध्यांतले रबर), पुढच्या आसाच्या टोकांना चाके वळवणाऱ्या गोळ्यांपाशी ग्रीसची गळती, पावसाचे पन्हाळे आणि पुढच्या काचेची चौकट यांवरचा गंज टॉर्च घेऊन पाहावा. रबराखालचा रंग फुगलेला दिसला तर आत पत्रा उरलेला नसतो. मग मालकाची परवानगी काढून गाडी जवळच्या वजनकाट्यावर न्यावी, रिकाम्या गाडीचे दोन्ही आसांवरचे वजन लिहून घ्यावे आणि दारावरच्या मर्यादेतून ते वजा करून उरलेला आकडा खरेदीच्या यादीच्या माथ्यावर मांडावा. आमच्या वहीत तो आकडा ४१ हजार किलोमीटर झाल्यावर, पाटा तुटल्यानंतर आला.